रुमाल्याचं लग्न

टीव्हीवर आमच्यातला पहिला माणूस आला, तो दारातून आला नाही. तो 'टुंई' अशा आवाजातून आला. कुठल्याशा वाद्याची तार बोटानं ओढून सोडावी तसा तो आवाज. तो वाजला की भोरपासून वेल्ह्यापर्यंत जिथं जिथं टीव्ही असेल तिथली माणसं हसायला तयार होऊन बसायची. मग पडद्यावर आधी गळ्यातला रुमाल यायचा, त्याच्यामागून मनगट, आणि सगळ्यात शेवटी तो स्वतः.

मालिका दूरदर्शनवरची, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. आठवड्यातून एकदा, दुपारी, बायकांची भांडी उरकल्यावर लागायची. एक श्रीमंत घराणं, दोन भाऊ, एक भलामोठा जिना, आणि जिन्यावर उभं राहिल्याशिवाय कुणालाच नीट भांडता येत नसे. आमचा हा माणूस त्या घरातल्या बायकांचे कपडे शिवायचा. शिवताना तो कधी दिसला नाही. टेप गळ्यात, हात हवेत, झालं. मालिकेत त्याला झकास इंग्रजी नाव होतं. आमच्या आळीतल्या बायकांनी ते पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं आणि त्याला 'रुमाल्या' म्हणायला सुरुवात केली.

'आमच्यातला' म्हणजे काय, ते सरळच सांगतो. मला पुरुष आवडतात. हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. गावाला माझ्या चालण्यावरून संशय होता. आईला काय ठाऊक होतं, तीच ही गोष्ट आहे.

रुमाल्या येण्याआधी गावाजवळ माझ्यासाठी एकच शब्द होता. जत्रेतल्या तमाशात बायकी हावभाव करून हशा पिकवणारा नाच्या असतो, तो. पण नाच्या वर्षातून एकदा यायचा आणि ट्रकमध्ये बसून निघून जायचा. रुमाल्या दर आठवड्याला यायला लागला. मी भोरला एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. संध्याकाळी एसटी स्टँडवर पाय ठेवला की कुणीतरी तोंडानं 'टुंई' करायचंच. सुरुवातीला कान तापायचे. मग एकदा मी थांबलो, वळलो, नसलेला पदर खांद्यावर घेतला आणि त्या टोळक्याला असा काही वाकून नमस्कार केला की उसाच्या रसाचं गुऱ्हाळ बंद पडलं. बाकावर बिडी ओढत बसलेला म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "टीव्हीतल्यापरीस ह्येच बरं करतंय."

ही मला मिळालेली पहिली दाद. मी ती नाकारली नाही, मी दाद नाकारणाऱ्यांतला नाही. एवढंच, की हसून झाल्यावर गाडी लागायची, गाडीत गर्दी असायची, आणि तरी माझ्या शेजारची जागा कापूरहोळपर्यंत रिकामी राहायची.

रुमाल्यावर माझा जीव होता आणि रागही होता. जीव यासाठी, की तोवर मला वाटायचं, हे सगळं जगात फक्त माझ्याच बाबतीत घडलंय. आता निदान दोघं झालो. राग यासाठी, की लिहिणाऱ्यांनी त्याला काहीच दिलं नव्हतं. त्याला घर नव्हतं. त्याला कधी सर्दी झाली नाही. तो कधी रांगेत उभा राहिला नाही, कुणाच्या मयताला गेला नाही, एसटी चुकली म्हणून हळहळला नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्या घरात रोज पंचपक्वान्नांची ताटं लागायची, सगळे जेवता जेवता एकमेकांच्या तोंडाकडे रागानं बघायचे, पण रुमाल्याला कधी कुणी जेवायला बसवलं नाही. त्याचं काम एवढंच: यायचं, मनगट हलवायचं, दोघातिघांना 'इश्श' म्हणायचं, हसू पेरायचं आणि जायचं. त्याच्या मनगटात हाड होतं की नव्हतं, देव जाणे.

हल्ली माझा भाचा मला मोबाईलवर नव्या मालिका दाखवतो. त्यांत आमच्यातले लोक देखणे असतात, जोडीनं असतात, उंच इमारतीत राहतात आणि खिडकीशी कॉफी पीत एकमेकांना समजून घेतात. मला आवडतं ते. मी नाक मुरडत नाही. पण त्यांच्याकडे बघूनही मला वाटतं, अरे, यांच्याकडे कुणाचा मामा कसा येत नाही?

आमच्याकडे यायचा.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, बहीण सासरी गेली होती. घरात मी, आई आणि टीव्ही. आळीतला एकुलता एक रंगीत टीव्ही आमच्याकडे होता, त्यामुळे मालिकेच्या दुपारी आमच्या माजघरात बायकांची दाटी व्हायची. मी तेव्हा भोरला असायचो. संध्याकाळी घरी आलो की आई भाकऱ्या थापता थापता मला दुपारचं सगळं सांगायची, आणि सांगता सांगता विचारायची.

"त्याचं घर कुठं आसंल रं?"

"कुणाचं?"

"रुमाल्याचं."

"मुंबईत असेल."

"मुंबईत कुठं? दावत तर न्हाईत. आला की जिन्यावर, गेला की जिन्यावरनं." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "आई आसंल ना त्याला?"

"असणारच की."

"तिला ठावं आसंल?"

मी चुलीकडे बघितलं. "काय?"

"ह्येच की, पोरगं कपडं शिवतंय त्ये."

आमच्याकडे म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. सासूला सुनेला काही सुनावायचं असलं की ती लेकीला बोलते, आणि सून चुलीशी बसून सगळं बरोबर घेते. आमच्या घरात टीव्ही लेक झाला आणि मी सून. आईनं मला कधी एक सरळ प्रश्न विचारला नाही. पण रुमाल्याबद्दल ती काहीही विचारायची. त्याला वाईट वाटत असेल का. तो रडत असेल का. त्याला कुणी जिवाचं असेल का. आणि मी भाकरीचा तुकडा मोडत त्याच्या वतीनं उत्तरं द्यायचो. वाईट वाटतं, पण रोज नाही. रडत नाही फारसा. जिवाचं कुणी आहे की नाही ते अजून दाखवलेलं नाही.

"दावतील," आई म्हणायची. "सबूर करू."

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी वेल्ह्याहून मामा आला. आईचा धाकटा भाऊ. टोपी काढून त्यानं आतून एक पाकीट काढलं, पाकिटातून एक फोटो काढला आणि आईच्या हातात ठेवला. पोरगी आपल्यातलीच, घर माहितीतलं, आईबाप गरीब स्वभावाचे, पोरगी बारावी पास. आई फोटो उजेडाला धरून बघतच राहिली.

मी मागून डोकावलो. फोटो मीच काढला होता.

आमच्या स्टुडिओत निम्मं काम असल्याच फोटोंचं. लग्नाच्या मुलींना त्यांच्या आया घेऊन यायच्या, आणि त्यांना बसवायचं काम चाचा माझ्यावर सोडायचे. चाचा म्हणजे स्टुडिओचे मालक, भोरचेच, त्यांच्या वडिलांपासून हा धंदा. ते म्हणायचे, "तू पदर लावलास की पोरगी तोंड फुलवून बसत नाही." ही मुलगी आली तेव्हा तिची आई बाहेर चपला सोडत होती. तेवढ्यात ती मला हळूच म्हणाली, "दादा, जरा वाईट येऊ द्या."

"म्हणजे?"

"नापसंत होईल असा काढा. मला डीएडला जायचंय."

मी शब्द दिला. मनापासून दिला. पण तिला स्टुलावर बसवलं, दिवा लावला आणि बघतो तर त्या मुलीच्या कपाळावर उजेड असा काही उतरला होता की काय सांगू. मी हनुवटी जराशी वर करायला लावली. मान किंचित वळवली. पदर सारखा केला. वाईट फोटो काढायला जी एक नियत लागते ती माझ्या हाताला नाही. फोटो असा आला की चाचांनी त्याची एक प्रत काचेत लावायला मागितली. मुलगी फोटो बघून माझ्याकडे जे बघत राहिली, ते आजही आठवतं. आणि आता माझी ती कला टोपीत बसून थेट माझ्याच घरी आली होती.

"काय ग्वाड हाय गं," आई म्हणाली. मग फोटो पालथा करून तिनं मांडीवर ठेवला. "मालिका संपू दे. मग बगू."

मामाला कळेना. "मालिकंचा काय संबंध आक्का?"

"तवर पाऊस बी उघडंल."

संबंध होता, आणि तो मला त्याच संध्याकाळी समजला. मालिकेत थोरल्या भावानं जिन्यावरून जाहीर केलं होतं की या रुमाल्याचं एकदा लग्न लावून टाका, आपोआप सुधारेल. आईला तेच बघायचं होतं. असल्या माणसाचं लग्न लावलं तर पुढं काय होतं? हे ती विचारणार तरी कुणाला? डॉक्टरला विचारायचं तर काय म्हणून विचारायचं. देवळात विचारायचं तर तिन्हीसांजेपर्यंत गावभर. टीव्ही विचारलेलं कुणाला सांगत नाही. मामानं आणलेला फोटो तिनं देव्हाऱ्यामागं खोचून ठेवला, आणि माझं लग्न रुमाल्याच्या लग्नाला बांधलं गेलं.

आणि मग गावचा डीपी जळाला.

डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडे पावसात तो जळतोच, आणि एकदा जळला की नवा येईपर्यंत भाताची लावणी उरकते. घरात चिमण्या आल्या, रॉकेलचा वास आला आणि आळीतल्या बायकांच्या डोळ्यांत रुमाल्याची काळजी आली. शेजारच्या काकींनी मार्ग काढला. त्या आईला म्हणाल्या, "तुजं पोरगं भोरला आसतंय. तितं लाईट हाय. त्येला बगून यायला सांग, आन आमाला सांग म्हनावं."

चाचांचं घर स्टुडिओच्या मागंच होतं. दुपारी चाची मला जेवायला आत बोलवायच्या, तिथं टीव्ही चालू असायचा. तेव्हा अडचण काहीच नव्हती. मी मालिका बघायचो, पाचची गाडी धरायचो, दिवेलागणीला आमच्या ओट्यावर बायका निवडायचे तांदूळ घेऊन बसलेल्या असायच्या, आणि मी चप्पल काढायच्या आत सुरू करायचो.

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे आठवडे. मी थोरला भाऊ झालो, धाकटा झालो, सून झालो, आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्यांचा जिना केला. रुमाल्या आला की मात्र मी 'टुंई' म्हणत नसे. पहिल्या दिवशी एका काकींनी विचारलं, "त्ये वाजलं न्हाई का?" मी म्हटलं, "आता वाजवत नाहीत. लोकांनी पत्रं पाठवली." बायकांनी माना डोलावल्या. बरोबरच आहे, सारखं काय ते.

मग एकेक गोष्ट त्याला मिळत गेली. मी काही ठरवून केलं नाही. तोंडातून जात राहिलं. एकदा मी त्याला ताप आणला. एकदा त्याला एसटीत उभ्यानं प्रवास करायला लावला. एकदा धाकट्या सुनेनं त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवून वरणभात वाढला, तेव्हा काकींनी तांदळातून हात काढून डोळे पुसले. आणि एका आठवड्यात मी म्हणून गेलो की रुमाल्याचा एक मित्र आहे, तो त्याला रोज संध्याकाळी स्कूटरवरून घरी सोडतो.

"त्यो कोन आनि?" बायकांनी विचारलं.

"गॅरेज आहे त्याचं."

"नाकीडोळी कसा हाय?"

"बरा आहे," मी म्हटलं, आणि अंधारात बसलो होतो हे बरं झालं.

 आई मात्र सुपातले खडे बाजूला काढत होती.

स्कूटरवाला मी हवेतून आणला नव्हता. कापूरहोळला, भोरचा रस्ता हायवेला मिळतो तिथं, त्याचं गॅरेज होतं. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा, बोलायला कमी. मी भोरच्या गाडीतून तिथं उतरायचो. तो हात पुसायचा, गॅरेजचं फळकूट लावायचा आणि नसरापूरवरून मला आमच्या गावच्या फाट्यापर्यंत सोडायचा. एसटीत माझ्या शेजारी कुणी बसत नसे, त्याची भरपाई अशी व्हायची. फाट्यावर आम्ही दोन शब्द बोलायचो. तो परत फिरायचा आणि मी चालत घरी जायचो, जणू काही गाडीतूनच उतरलोय.

शेवटच्या भागाच्या दुपारी चाचांनी स्टुडिओचं दार ओढून घेतलं. ते, चाची आणि मी, तिघं टीव्हीसमोर बसलो. शेवट असा होता: गुंड धाकट्या सुनेला पळवून नेतात. कुणीच वेळेवर पोचत नाही. रुमाल्या पोचतो. आधी मार खातो, मग सुनेची मैत्रीण त्याच्या कानाखाली एक मारते आणि म्हणते, पुरुष आहेस ना? त्याबरोबर त्याचं मनगट ताठ होतं. तो सगळ्या गुंडांना लोळवतो, गळ्यातला रुमाल ओढून शेकोटीत टाकतो, आणि पुढच्याच दृश्यात मिशी लावून, त्या मैत्रिणीशेजारी बोहल्यावर उभा. सनई. सगळे जिन्यावरून अक्षता टाकतात. समाप्त.

 मग चाची म्हणाल्या, "एका थोबाडीत?"

चाचा म्हणाले, "संपवायची होती त्यांना. 'समाप्त'ची पाटी टाकायची घाई."

"म्हणून मिशी? सकाळी नव्हती, दुपारी आली?" चाचींनी माझ्या पानात आणखी भात वाढला, मला नको असताना. "जेव. त्यांना काय कळतंय."

गाडीत मी तो शेवट मांडीवर घेऊन बसलो होतो. हा शेवट सांगितला की झालं. आईला तिचं उत्तर मिळालं: लग्न लावलं, सुधारला. मालिका संपली म्हणून रविवारी मामा येणार, देवीला कौल लावणार, आणि मंडपात मी मिशी लावून उभा. गॅरेजवाल्याला मी सगळं सांगितलं. तो स्कूटर चालवत ऐकत होता. फाट्यावर उतरलो तेव्हा म्हणाला, "मग आज काय सांगणार?"

"बघतो."

"बघून सांग," तो म्हणाला, आणि नेहमीसारखा लगेच फिरला नाही.

ओट्यावर त्या दिवशी आळीच्या आळी लोटली होती. मी पाय धुतले, आईनं दिलेलं पाणी प्यायलो आणि सुरू केलं. गुंड आले. धाकट्या सुनेला रुमाल्यानंच सोडवलं; तेवढं श्रेय मी त्याचं ठेवलं. पण हाणामारी न करता. त्यानं गुंडांना बोलण्यात गुंतवलं, त्यांच्या म्होरक्याच्या शर्टाचं माप घेत बसला, तेवढ्यात पोलीस. घरी सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. थोरला भाऊ म्हणाला, आता याचं लग्न लावू. आणि तेवढ्यात दार वाजलं.

"कोन?" काकी पुढं सरकल्या.

"त्याची आई."

 इतके महिने कुणी पाहिली नव्हती ती. मी तिला गावाकडून आणली, लुगडं नेसवलं, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या दिल्या. तिनं त्या एवढ्या मोठ्या जिन्याकडे नुसतं बघितलं आणि विचारलं, माझं पोर जेवलं का?

"आन मग?"

"मग तो म्हणाला, लग्न नको. मला जसा आहे तसा राहू द्या. आणि आई म्हणाली, बरं. दोघं जेवायला बसले. संपलं."

"लगीन न्हाई?" काकींनी विचारलं.

"नाही."

"मग म्हातारपनी कोन बगनार त्याला?"

मागून दुसरीच एक म्हणाली, "त्यो स्कूटरवाला हाय की."

"व्हय की," काकी म्हणाल्या. "त्यो हाय म्हना."

दोनच दिवसांत भांडं फुटलं. काकींची बहीण नसरापुरात दिली होती, तिथं वीज होती. ती भात लावायला आली आणि तिनं बांधावरच जाहीर केलं, की रुमाल्याचं लग्न झालं, मिशीसकट. संध्याकाळी ओट्यावर पंचायत बसली. मी आल्या आल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत काकीच बहिणीवर तुटून पडल्या.

"तुझा टीव्ही काळापांढरा. तुला त्यात काय दिसतंय?"

"आगं, लगीन दिसनार न्हाई व्हय?"

"आन त्याची आई? तिला न्हाई दाखवली?"

"आई कुठं व्हती?"

"बग," काकी सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. "आईबिगर लगीन लावलंय. खोटंच दावलं नसरापुरात."

ठराव पास झाला. टीव्हीवाले चुकले, आमच्या आळीतलं पोर बरोबर. माझ्या साऱ्या कारकिर्दीत एवढा मोठा मान मला पुन्हा मिळालेला नाही.

आईनं मात्र भाकरी वाढताना विचारलं, "खरं काय रं?"

मी चिमणीकडे बघत म्हटलं, "टीव्हीवर लग्न झालं."

"आन रुमाल?"

"जाळला."

 "चांगला रेशमी व्हता," ती म्हणाली. मग ताटातली चटणी बोटानं एका बाजूला करत, "त्याच्या आईला न्हाईच आनलं व्हय त्यांनी?"

"त्यांना सुचलंच नाही."

"तुला कसं सुचलं?"

मी आणखी एक भाकरी मागितली. 

रविवारी मामा टेम्पो घेऊन आला. लग्नाचं नक्की करायच्या आधी आमच्याकडे देवीला कौल लावतात. वेल्ह्याकडं डोंगराच्या पायथ्याला आमच्या देवीचं देऊळ आहे. गुरवानं दोन कळ्या पाण्यात बुडवल्या, एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवली, एक डाव्या. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. मग मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं: "आई, ह्या लेकराची सोयरीक जुळनार आसंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे, आन वाट दाव."

आम्ही उभे राहिलो. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मामानं देव्हाऱ्यामागून काढून खिशात घातलेला फोटो चाचपला. मी जन्मात कधी एवढं कशाकडे टक लावून बघितलं नसेल जेवढं त्या दोन कळ्यांकडे बघत होतो. आणि देवीच्या उजव्या खांद्यावरची कळी जराशी हलली, घसरली आणि पायाशी पडली.

"उजवा झाला," गुरव म्हणाला.

"डावा," आई म्हणाली.

गुरवानं मान वळवली. "उजवा हो वैनी. ही बगा."

"बगितली. माझ्या डाव्या हाताला पडली."

"अवो, तुमी समोर हाय म्हनून. देवीच्या अंगानं बगायचं आसतंय."

"देवीच्या अंगानं बगायला मी काय देवी हाय?" आईचा आवाज चढला नव्हता. ती डोक्यावरचा पदर सारखा करत होती. "मी आई हाय. मी जितं उभी हाय तितनंच बगनार. मला डावा दिसला."

मामा म्हणाला, "आक्का, पुन्यांदा लावू."

"एकदा इचारलं, तिनं एकदा सांगितलं. पुन्यांदा इचारून तिला राग आनायचाय?"

हे कुणालाच नको होतं. गुरवानं एकदा देवीकडे बघितलं, एकदा आईकडे. मग त्यानं पडलेली कळी उचलली आणि आईच्या ओंजळीत टाकली. "कौल मागनाराचा," म्हणाला. "डावा तर डावा." मामानं फोटो परत टोपीत घातला.

ती मुलगी पुढच्याच महिन्यात स्टुडिओत आली. स्थळ मोडलं, वर्ष वाया नको म्हणून बापानं डीएडला घालायचं कबूल केलं होतं. "आता हवा तेवढा चांगला काढा," ती म्हणाली. मी काढला. आता ती आमच्याच तालुक्यात शिक्षिका आहे.

त्या रविवारी मात्र टेम्पोत मामा पुढं ड्रायव्हरशेजारी रुसून बसला होता. मागं मी आणि आई. ती कळी तिच्या मुठीत होती. फाटा आला तशी ती बाहेर बघत म्हणाली, "हितं रोज सांजच्याला स्कूटर थांबती. आवाज पार आपल्या ओट्यावर येतो."

मी टेम्पोच्या फळीवरचा चिखल नखानं काढायला लागलो.

"त्या रुमाल्याला सांग," आई म्हणाली, "त्या स्कूटरवाल्याला एकदा जेवायला आन म्हनावं. नुसता फाट्यावरनं परत पाठवतोय, बरं दिसत न्हाई."

त्याला आणायला मला आठवडा लागला. तो नवा शर्ट घालून आला आणि नखांतलं ऑईल लपवायला हात मांडीखाली घेऊन बसला. डीपी अजून आला नव्हता, टीव्हीवर फडकं टाकलेलं होतं. आईनं पाट मांडला, ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. त्यानं पहिली भाकरी संपवली. आईनं न विचारता दुसरी टाकली. तो म्हणाला, "बास." ती म्हणाली, "बास काय. दिवसभर गाड्यांखाली झोपता, खावा." तिसरीला त्यानं हात मांडीखालून काढले.